तिसऱ्या मजल्यावरची मादाम

दुपारचे डबे धुऊन झाले होते, हाताला अजून साबणाचा वास होता, आणि तेवढ्यात टेबलावरचा लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय आणि त्याने आतल्या पट्टीवरचं घंटीचं बटण दाबलंय. शहरात कंपनीच्या जेवढ्या लिफ्ट होत्या, त्या सगळ्यांच्या तारा शेवटी या खोलीतल्या तीन टेबलांवर येऊन संपायच्या. मेकॅनिकला पाठवायचं आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच तिचं काम. ‘बोलतं ठेवा’ हे साहेबांचे शब्द. माणूस गप्प झाला की घाबरतो, घाबरला की दार उचकटायला जातो, आणि त्याने दार उचकटलं की कंपनीला पळता भुई थोडी होते, असं त्यांचं शास्त्र होतं. या शास्त्रात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या टेबलावर आलेला माणूस रडत असला तरी हसत बाहेर पडतो, असं मेकॅनिक लोक म्हणत. घरी मात्र कुलूप उघडल्यापासून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लावेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. फुटणार कुणासमोर? आई गेल्यापासून त्या घरात बोलणारं यंत्र म्हणजे फ्रिज, आणि तोही मधूनमधून.

“हॅलो, घाबरू नका. मी इथे आहे,” ती सवयीने म्हणाली आणि दुसऱ्या फोनवरून मेकॅनिकला निरोप धाडला. पलीकडे नुसता श्वास. म्हाताऱ्या माणसाचा, बारीक शिट्टी वाजवणारा. मग तो माणूस बोलायला लागला, आणि त्याच्या बोलण्यात ओळखीचं काही म्हणजे काही नव्हतं. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून येत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सगळे चिमणी म्हणत, कारण ती दिवसभर चिवचिवत असे. तिने कान टवकारले. “कुठली भाषा गं ही, ताई? जाऊ दे, नुसतं हं हं करत राहा. दमेल आपोआप.” ती हं म्हणणार, एवढ्यात त्या गर्दीतून एक शब्द बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. सोलो. मग पुन्हा, सोलो. एकटा. ती माइकजवळ वाकली आणि म्हणाली, “सी, सेन्योर.” होय, महाराज. हे आपण म्हटलं? शाळा सुटून तीन तपं होत आली होती, आणि इतकी वर्षं हा शब्द आत कुठे भाडं न देता राहिला होता, कुणास ठाऊक.

आणि तोही तिचा नव्हता. ती फ्रेंचवाली. स्पॅनिश समोरच्या बिल्डिंगचं. शाळेत भाषेच्या बाई एकच होत्या, दोन्ही भाषा त्याच शिकवायच्या. एका लांब खोलीत मधोमध कपाटं उभी करून त्यांनी दोन वर्ग केले होते. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे स्पॅनिश, आणि बाई कपाटांच्या मधल्या फटीतून इकडून तिकडे. व्याकरणाने भाषा येत नाही, भाषेत राहायला जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी भिंतीवर खाकी कागदाच्या दोन चारमजली इमारती चिकटवल्या, मध्ये एक रस्ता काढला, आणि प्रत्येक मुलाला एकेक घर दिलं. घराबरोबर माणूसही. वय, धंदा, स्वभाव, दुखणी, सगळं ठरवून. दोन वर्षं त्या खोलीत पाय टाकला की तुम्ही तुम्ही नाही. तळमजल्याचा पाववाला, दुसऱ्या मजल्यावरची नर्स, गच्चीखालच्या खोलीतला कर्जबाजारी चित्रकार. भांडायचं तर त्यांच्या तोंडाने, रडायचं तर त्यांच्या डोळ्यांनी. बाई स्वतः कधी समुद्र ओलांडून गेल्या नव्हत्या. पण तिकडच्या जिन्यात माणूस भेटल्यावर ‘बोंजूर’ न म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं, हे त्या असं सांगायच्या की जणू काल संध्याकाळीच कुणीतरी त्यांच्यावर आपटलंय. घरं वाटताना बाई तिच्यापाशी येऊन थांबल्या. तिला शाळेत मुकी म्हणत. प्रश्न विचारला की ती बाकाकडे बघे, इतकी की बाकावरच्या रेघा तिला पाठ होत्या. “तुला कमी बोलणारं कुणीतरी हवं,” बाई म्हणाल्या, आणि तिला तिसऱ्या मजल्यावरची विधवा मादाम दिली. वय सत्तर, गुडघा धरलेला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सोबतीला पिंजऱ्यातलं गाणारं पाखरू, एक कॅनरी. वर्ग खदखदून हसला. सोळा वर्षांची पोर, आणि नशिबी आलं काय, तर वैधव्य! त्या दिवशी घरी गेल्यावर ती जेवली नाही. आई म्हणाली, “काय झालं ते सांगशील? बोलायला पैसे पडतात का तुला?”

पण बाईंचा अंदाज साफ चुकला. मादामला जीभ होती, आणि कशी! जिना ओला का, वरच्या मजल्यावर पियानो कोण बडवतंय, पाववाल्याचा पाव काल दगड होता आणि आज वीट आहे. मुकी तोंड उघडेना, पण मादाम उघडलं तोंड मिटेना. वर्गातली धटिंगण मुलं जिन्यात, म्हणजे बाकांच्या मधल्या वाटेत, तिला बघून बाजूला सरायची. हे सगळं करताना ती आत कुठेतरी बसून ऐकत असे आणि तिला फार बरं वाटे. बोलणारी दुसरीच कुणीतरी आहे, चुकली तर तिची लाज जाईल, माझी नाही. इतकं सुरक्षित तिला आधी कधी वाटलं नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, नंतरही नाही.

“तिथेच थांबा,” ती लिफ्टमधल्या म्हाताऱ्याला आपल्या भाषेत म्हणाली, आणि लगेच लक्षात आलं की हे त्याला कळणार नाही. तो मात्र ‘सी’ ऐकून सुटलाच होता. कुणीतरी आहे, आणि त्याला कळतंय! आता तो हळू बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि हळू बोलल्यावर एकेक शब्द वेगळा होऊन येत होता. इहा, म्हणजे मुलगी. मुलीचं घर. सातवा मजला. लांबून आला होता तो, फार लांबून. मग त्याने काहीतरी विचारलं. तू कोण, असं असावं. म्हातारा अडकला की हे विचारतोच. अंधारात हाताला लागलेली गोष्ट माणूस चाचपून बघतो. कंपनीचं ठरलेलं उत्तर होतं, “मी कंपनीतून बोलतेय.” पण स्पॅनिशमध्ये तिला स्वतःची ओळख एकच येत होती, खिडकीतून ओरडून पाठ झालेली. ती म्हणाली, मी विधवा आहे. मी सत्तर वर्षांची आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्याकडे एक पाखरू आहे. चिमणी तिच्याकडे आ वासून बघत होती. पलीकडून म्हाताऱ्याने जिभेने च्‌ च्‌ केलं. तो आवाज सगळ्या भाषांत सारखाच असतो.

खिडकी. बेंताना. बाई सांगायच्या, लिहिताना ‘व’ असला तरी म्हणताना ‘ब’ म्हणायचं. शुक्रवारी कपाटं भिंतीला सरकवायची आणि रस्ता मोकळा व्हायचा. समोरासमोरच्या दोन इमारती एकमेकींशी बोलायच्या, पण घरची भाषा बंद. जो घरची भाषा बोलेल तो फुटपाथवर, म्हणजे मागच्या बाकावर, तास संपेपर्यंत. आता फ्रेंचवाल्यांना स्पॅनिश येत नाही, स्पॅनिशवाल्यांना फ्रेंच येत नाही. बोलणार काय, कपाळ? नुसता हातवाऱ्यांचा बाजार. तिच्या बरोबर समोर, तिकडच्या तिसऱ्या मजल्यावर, घड्याळजी राहायचा. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, एका कानाने बहिरा. हे काम एका उंच, वाकून चालणाऱ्या मुलाकडे आलं होतं, आणि तोही आपल्या वर्गात फारसा कुणाशी बोलत नसे. ती काही म्हणाली की तो कानाला हात लावायचा आणि म्हणायचा, “दिगा?” बोला. ती पुन्हा म्हणायची. तो पुन्हा, “दिगा, सेन्योरा, दिगा.” ऐकू आलेलं असायचं, लबाडाला. पण तो पुन्हा म्हणायला लावायचा आणि मादाम कुरकुर करत पुन्हा म्हणायची. त्याने तिला बेंताना दिलं, तिने त्याला खिडकीचं फ्रेंच, फनेत्र, दिलं. असे एकेक करून दोघांत बरेच शब्द साठले. ती भाषा धड इकडची नाही, धड तिकडची नाही, आणि त्या रस्त्यावर ती बोलणारी माणसं दोनच. बाईंनी पुस्तकात वाचलं होतं की स्पॅनिश माणसं दुपारी झोपतात. म्हणून तासाच्या मध्यावर समोरची सगळी बिल्डिंग बाकांवर डोकी टेकवून झोपायची; रस्ता सुना व्हायचा, फ्रेंचवाले वह्या उघडायचे. घड्याळजी तेवढा झोपायचा नाही. दंडावर गाल ठेवून उघड्या डोळ्यांनी समोर बघत राहायचा. मादाम बसायची खिडकीत, त्याच्या समोर. एकदा तिने त्याला सांगितलं, पाखरू गात नाही. त्याने हात पुढे केला; दुरुस्तीला द्या. तिने कागदाची पिवळी कॅनरी रस्त्यापलीकडे दिली. पुढच्या शुक्रवारी परत आली तेव्हा तिच्या पोटात खऱ्या घड्याळाचं एक दातेरी चाक चिकटवलेलं होतं, नखाएवढं. कानाशी नेलं तर ते गाणार नव्हतंच. तरी तिने नेलं.

ती कॅनरी कुठे गेली? घर बदलताना, आईच्या औषधांच्या खोक्यांबरोबर, की त्याआधीच? आठवत नाही. आठवतो तो जिना. परीक्षा संपली, बाईंनी कागदाच्या इमारती उतरवल्या, गुंडाळ्या करून कपाटावर टाकल्या. भिंतीवर डिंकाचे डाग राहिले. ती दप्तर घेऊन खाली उतरत होती आणि मागून कुणीतरी धावत आलं. घड्याळजी. पण वाकलेला नाही, बहिरा नाही. ओठावर नुकती मिसरूड, कपाळावर फोड, श्वास लागलेला. “ऐक ना,” तो घरच्या भाषेत म्हणाला. तिला आधी वाटलं, आता याला फुटपाथवर बसवणार. “तुझं घर कुठल्या रस्त्याला आहे? म्हणजे खरं घर.” तिने त्याच्याकडे बघितलं. उत्तर साधं होतं. रस्त्याचं नाव तर शेंबडं पोरही सांगतं. पण ते सांगायचं तर तिने स्वतः सांगावं लागणार, आणि तिने स्वतः कधी काही सांगितलं होतं? मागचापुढचा विचार न करता मादाम धावून आली. “जं न कोंप्रां पा, मस्यू,” ती म्हणाली. मला समजत नाही, महाराज. तो हसला. “अगं, खरंच विचारतोय.” मादाम पुन्हा तेच म्हणाली, मान ताठ करून. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू, कुणी पुसून घ्यावं तसं गेलं. तरी त्याने एकदा कानाला हात लावला. “दिगा?” आणि ती कठडा धरून, दुखऱ्या गुडघ्याची म्हातारी उतरावी तशी, एकेक पायरी खाली गेली. यात काही घडलं असं म्हणता येणार नाही. कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही. तो पुढे दुसऱ्या गावी शिकायला गेला, असं कुणीतरी म्हणालं. तिचं लग्न दोनतीनदा जमत आलं आणि मोडलं. मुलगी बोलत नाही, असं प्रत्येक वेळी आईच्या कानावर यायचं. भाऊ-वहिनी वेगळे झाले, आई राहिली, मग आईही नाही. नोकरी लागली तीही आवाजाची. इथे पुन्हा ती बोलत नव्हती, कंपनी बोलत होती. म्हणून तर जमलं. आणि नशिबाची थट्टा बघा, भाड्याचं घर मिळालं तेही तिसऱ्या मजल्यावर. पोरीला खेळात दिलेलं म्हातारपण तिने इमानाने आयुष्यभर वापरलं, म्हणायचं. कॅनरी तेवढी पाळली नाही.

म्हातारा अजून बोलत होता. त्याचा शब्द तिच्या कानावर पडला आणि ती भानावर आली. ब्यूदो. तोही विधुर होता. तू तशीच मी, असं काहीसं तो म्हणत होता, आणि आता त्याचा आवाज घाबरलेला राहिला नव्हता, उलट तोच तिला सांभाळून घेत होता. बायकोचं नाव त्याने दोनदा घेतलं. या बिल्डिंगमध्ये तो रोज लिफ्टमध्ये ‘ओला’ म्हणतो, म्हणजे नमस्कार, सगळ्यांना, आणि सगळे मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात; असं काहीसं त्याने हसत सांगितलं. हसणं शिट्टीत बुडालं. तिला बाईंचं आपटलेलं दार आठवलं. आणि मग शरमेने तिचे कान तापले. हा खरा विधुर, हे खरं दुःख, आणि आपण त्याला काय दिलं? कागदाची विधवा. त्याने तर तिच्या पाखराची चौकशी केली. गातं का? कधी नव्हे तो एक माणूस आपल्याला काही विचारतोय, आणि आपण पुन्हा मान ताठ करून जिना उतरतोय. त्याला खरं सांगावं. पण खरं सांगायला स्पॅनिश शब्द नव्हते, फ्रेंचही नव्हते. घरच्या भाषेत तरी होते का?

दुसऱ्या फोनवर मेकॅनिक आला. पाना त्याचं टोपणनाव. “ताई, पोचलो. वर मशीनरूममध्ये जातोय. सोडवतोच बघा आता.” म्हणजे वेळ संपत आली. पाना चलाख होता. आणि दार उघडलं की काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? लिफ्टचा बोलका डबा आतल्या पट्टीत असतो. माणूस बाहेर पडला की त्याचा आवाजही गेला. नवरा सोडून गेला ते सांगणारी बाई, वडिलांच्या ऑपरेशनला निघालेला मुलगा, नोकरी गेल्याचं घरी न कळवलेला माणूस, सगळ्यांनी तिला काय काय सांगितलं होतं, आणि सगळे अर्ध्या वाक्यात गेले होते. दार उघडलं, प्रकाश आला, संपलं. ‘येतो’ नाही, ‘बरं’ नाही. गरज सरो, वैद्य मरो. तिला राग नव्हता. सुटलेल्या माणसाने मागे का बघावं? पण ती अर्धी वाक्यं तिच्याबरोबर घरी यायची, आणि एकटीच जेवताना ती वाक्यं पुरी करत बसायची.

ती माइकच्या अगदी जवळ गेली. “बाबा,” ती घरच्या भाषेत म्हणाली. आवाज कंपनीचा नव्हता. चिमणीने हातातलं पेन खाली ठेवलं. “बाबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं हो. मी विधवा नाही. माझं लग्नच झालं नाही. पाखरूबिखरू काही नाही माझ्याकडे.” त्याला एक अक्षर कळत नसणार. तिला वाटलं, बिचारा पुन्हा घाबरेल. मग त्या शिट्टीच्या श्वासातून, अगदी हळू, “दिगा.” ती खुर्चीची कड धरून बसली. जगात हा शब्द रोज लाखो माणसं म्हणत असतील, फोन उचलताना, दुकानात, कुठेही. “दिगा, सेन्योरा.” आणि ती बोलायला लागली. खोलीत बाकीचे आहेत, साहेबांचं दार अर्धं उघडं आहे, याची तिला शुद्ध राहिली नाही. बाईंच्या दोन इमारती, रस्ता, तो मुलगा, पोटात चाक असलेली कॅनरी. वाक्यं वाकडी येत होती, मध्येच तुटत होती. स्वतःच्या भाषेत ती नवशिकी होती. “मी काहीच बोलले नाही बाबा, म्हणजे बोलले, पण ती मी नव्हते. तेव्हापासून मी कुणाशी बोललेच नाही. लोक म्हणतात, ही सगळ्यांशी गोड बोलते. मी नाही हो बोलत. मला एकटं वाटतं. घरी गेल्यावर फार वाटतं.” तो मध्येच ‘सी’ म्हणत होता, ‘सी, सी’ म्हणत होता, जिथे म्हणायला हवं नेमकं तिथे. त्याला काय कळत होतं देव जाणे. अडकलेला माणूस तिला बोलतं ठेवत होता.

“आणि तो म्हणाला, तुझं घर कुठल्या रस्त्याला आहे, आणि मी—”

मोटार घुमली. लिफ्ट खाली सरकल्याची ओळखीची खरखर, मग ठक्‌, मग दोन पाती वेगळी होताना होणारा तो चिरका आवाज. ती तिथेच थांबली, वाक्याच्या मध्यावर. सवयच होती. आता पावलं वाजतील, मग नुसती मोकळ्या डब्याची घरघर, मग लाल दिवा विझेल. तिने डोळे मिटले आणि बटणाकडे हात नेला. पानाचा आवाज आला, जरा लांबून, “या बाबा, या बाहेर. सावकाश. पाय जपून.” मग पुन्हा पाना, “अहो, उघडलंय! या की.” आणि म्हाताऱ्याचा आवाज, पाठ फिरवून कुणालातरी दटावल्यासारखा, “मोमेंतो, मोमेंतो.” पावलं वाजली, पण बाहेर जाणारी नाही. श्वास जवळ आला, पट्टीच्या अगदी जवळ, तोंड लावल्यासारखा. “दिगा, सेन्योरा.”

तिने डोळे उघडले. दिवा लालच होता.

“ताई, काय करू?” पाना ओरडत होता. “हे बाबा दारात उभे आहेत, हलायला तयार नाहीत. वर दुसरी माणसं बटण दाबतायत. हात धरून काढू का बाहेर?”

“नको,” ती म्हणाली. “थांब जरा. माझं अजून बोलून व्हायचंय.”

आणि मग माइककडे वळून तिने आपल्या घराचा रस्ता सांगितला. आधी रस्त्याचं नाव, मग कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान, मग डावीकडचा जिना, तिसरा मजला, आणि रस्त्याच्या बाजूची खिडकी.